चैत्रातली यादी, वर्षभराची आमटी

घरातली आमटी वर्षभर कशी लागणार, हे पुष्कळ मराठी घरांत एप्रिल-मेमधल्या एखाद-दोन दिवसांत ठरून जातं. मिरची कुठली आणि किती, धणे किती, खोबरं कितपत भाजायचं, लवंग वाढवायची की कमी करायची, हे तेव्हा एकदा पक्कं झालं की पुढचे बारा महिने रोजचा स्वयंपाक त्या निर्णयाच्या आत चालतो. श्रावणातली वालाची उसळ, हिवाळ्यातलं भरलं वांगं, परीक्षेच्या दिवसांत घाईने टाकलेला मसालेभात, सगळ्यांची चव एकाच बरणीतून येते.

‘रोजचं ताट’ हा विषय संपादकांनी दिला, तेव्हा मी आधी घरातली पाककृतींची पुस्तकं काढून बसले. आमटी, उसळ, रस्सा, भरली भाजी असं एकेक पान उलटत गेले आणि एक ओळ पुन्हा पुन्हा भेटत राहिली: गोडा मसाला, दोन चमचे. हिंग, हळद, मीठ यांच्या रांगेत तीही निमूट उभी असते. पण या दोन चमच्यांमागे पंधरा-वीस जिन्नस असतात, दोन-तीन दिवसांचं कडक ऊन असतं, कढईपुढे गेलेली एक आख्खी सकाळ असते आणि एक कागद असतो. तो कागद म्हणजे मसाल्याची यादी. रोजच्या मराठी स्वयंपाकाचं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक हे एका पानाचंच आहे असं मला वाटू लागलं, आणि ते पान वाचायला मी उन्हाळ्यात बाहेर पडले.

मिरची गल्ली

चिंचपोकळी स्टेशनवर उतरून लालबागच्या बाजाराकडे चालू लागलं की पुढचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. आधी घशात खवखव होते, मग शिंक येते, आणि डोळ्यांत पाणी आलं की समजायचं, गल्ली आली. गणपतीत हा सारा भाग लालबागच्या राजाच्या दर्शनाच्या रांगांनी भरून वाहतो. उन्हाळ्यात इथे दुसरीच रांग असते. हातात पत्र्याचे डबे, नायलॉनच्या पिशव्या, नाकाला पदर नाहीतर रुमाल, आणि ब्लाउजमध्ये किंवा पर्समध्ये घडी करून ठेवलेला तो कागद.

पोत्यांची तोंडं दुमडून मिरच्या मांडलेल्या असतात. ब्याडगी ओळखायला सोपी: लांब, सुरकुतलेली, काळपट लाल. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने विकली जाते आणि २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची, सडसडीत आणि तिखट. लवंगी बुटकी आणि जहाल. शिवाय काश्मिरी, गुंटूर, आणि दुकानदार ज्यांची नावं भराभर घेतो अशा आणखी कितीतरी. नवख्या माणसाला वाटतं, जितकी लाल तितकी तिखट. तसं नसतं. रंग मिरचीच्या सालीतल्या रंगद्रव्यांतून येतो आणि तिखटपणा कॅप्सेसिनमधून, जे मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांत साठतं, बियांत नव्हे. या दोन गोष्टी एकाच मिरचीत हव्या त्या प्रमाणात क्वचितच मिळतात. म्हणून यादीत मिरची कधी एकटी नसते. ब्याडगी रंगासाठी आणि दाटपणासाठी, संकेश्वरी झणक्यासाठी, लवंगी ज्यांना सोसते त्यांच्यासाठी. मालवणी, आगरी, कोळी, घाटी अशी मसाल्यांची जी घराणी आपण सांगतो, त्यांतला निम्मा फरक या वाटणीतच असतो.

ही वाटणी फार प्राचीन नाही, हेही इथे आठवत राहतं. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त खाण्यापिण्याचं सविस्तर वर्णन आहे, पण तिथला तिखटपणा मिऱ्याचा आहे. जिच्यावाचून आज आपलं पान हलत नाही, ती या मुलखातली पाहुणीच.

खरेदीची एक रीत असते. बाई मूठभर मिरच्या उचलते, एक मधोमध वाकवते. कटकन मोडली तर वाळलेली. नुसतीच वळली तर आत ओल आहे, ती कुटताना गोळा होणार आणि पावसाळ्यात बुरशी धरणार. मग ती फटकी मिरची, म्हणजे पांढरट पडलेली, किती आहे ते पोत्यात हात घालून खालपर्यंत बघते. देठ काढलेली घ्यायची की देठासकट, यावर घासाघीस होते. देठासकट स्वस्त पडते, पण मग घरी बसून देठ खुडायचे आणि रात्रभर बोटांची आग सोसायची. वरळीहून आलेल्या एका कोळीणबाईंनी माझ्यादेखत दोन दुकानं सोडली आणि तिसऱ्यात बसकण मारली. मसाला दोन घरांचा होता, स्वतःचा आणि लेकीचा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “मासळी ताजी असून काय करायचंय, मसाला फसला तर वर्ष गेलं.”

मिरची झाली की सुके मसाले. गल्ल्यावरचा पोऱ्या यादी वाचत जातो आणि तोळा-दोन तोळ्यांच्या मापाने एकेक जिन्नस पुड्यांत बांधतो: लवंग, दालचिनी, मिरे, बादियान, जावित्री, रामपत्री, नागकेशर, शहाजिरे, तमालपत्र, दगडफूल, हळकुंडं, खडा हिंग. ज्यांना घरी भाजणं शक्य नाही, त्यांच्यासाठी तिथेच मोठ्या कढयांत भाजून देतात. त्यानंतर डंक.

डंकाचा आवाज गल्लीभर ऐकू येतो. मोटारीवर फिरणारा दांडा, त्याने एकाआड एक उचलली जाणारी जाडजूड लोखंडी मुसळं, आणि खाली खल. मुसळ उचललं जातं आणि आपल्या वजनाने पडतं, पुन्हा उचललं जातं. पिठाच्या गिरणीत जात्याच्या घर्षणाने पीठ गरम होऊन बाहेर पडतं. मसाला तसा तापला तर लवंग, धणे, दालचिनी यांच्यातली उडून जाणारी तेलं तिथेच गिरणीत उडतात आणि घरी जाते ती नुसती भुकटी. कांडपात घर्षण कमी, त्यामुळे उष्णताही कमी. वेळ मात्र खूप लागतो. म्हणून बायका बसून राहतात. आपला मसाला दुसऱ्याच्यात मिसळू नये, यासाठीही बसायचं असतं. आधीच्या घराचा मसाला खलाच्या कडांना चिकटलेला असतो. अनुभवी बाई तो खरवडून घेतल्याशिवाय स्वतःची मिरची पडू देत नाही.

चार आण्यांचं दगडफूल

याद्या बघायला म्हणून मी गल्लीत ओळख झालेल्यांच्या, मग त्यांच्या नात्यागोत्यातल्यांच्या घरी जात राहिले. यादी मागितली की आधी प्रत्येकीला थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण ती कधी कुणी मागितलेली नसते. मग ती कुठून कुठून निघते. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, मुलाच्या चौरेघी वहीच्या पानावर, कॅलेंडरच्या फाडलेल्या महिन्यामागे, देवघरातल्या पोथीत. एका घरी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती आणि वर सेलोटेपचे तीन थर होते.

गिरगावातल्या एका घरातली यादी मला सर्वांत जुनी वाटली. शाई तपकिरी पडलेली, अक्षर मोडी वळणाचं, पण बाळबोधच. धणे शेरांत होते, लवंगा तोळ्यांत, आणि शेवटी लिहिलं होतं: दगडफूल चार आण्यांचे.

ही ओळ मी कितीतरी वेळ बघत बसले. तोळ्याचं ग्रॅम करता येतं, तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. शेराचं अवघड, कारण शेर मुलखागणिक बदलायचा. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि मुंबईतला जुना शेर याहून पुष्कळ हलका होता. तरी हिशेब लावता येतो. पण चार आण्यांचं दगडफूल किती, हे कसं काढायचं? ज्या दिवशी यादी लिहिली त्या दिवशीचा भाव त्या बाईच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता. १९५७ साली आणे गेले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-तोळे गेले आणि किलो-ग्रॅम आले. सरकारने दुकानांतली वजनं बदलली, तक्ते छापून वाटले. घराघरांतल्या याद्या मात्र बायकांनी स्वतःच बदलल्या, तेही कुणाला न सांगता. चार आण्यांचं दगडफूल पूर्वी केवढं दिसायचं ते आठवून, हातात धरून, ‘एवढं’ म्हणून दुकानदाराकडून ते तोलून घेतलं असणार आणि पुढच्या यादीत ५० ग्रॅम लिहिलं असणार. गिरगावातल्या त्या घरात आता वापरात असलेली यादी किलो-ग्रॅमचीच आहे. जुनी त्यांनी जपून ठेवली आहे, पण मधला पूल कुणी बांधला ते त्यांनाही सांगता आलं नाही. महाराष्ट्रातल्या बायकांनी केलेलं हे मापांचं एवढं मोठं काम, त्याची कुठे नोंद झालेली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांत नामं असतात, मापं असतात, क्रियापदं नसतात. धणे अर्धा किलो. ते वाळवायचे, भाजायचे की तळायचे, कितपत, कशात, कशाच्या आधी, यातलं काहीच नाही. लिहिणारीला ते लिहिण्याची गरज नव्हती. शेजारी कुणीतरी उभं असणार हे तिने धरूनच ठेवलं होतं.

पुस्तकांनी काय धरलं

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. सारस्वत महिला समाजाचं ‘रसचंद्रिका’ १९४३ सालचं. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. ‘रुचिरा’बद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती लपवायचं कारण नाही. कमलाबाईंचं शालेय शिक्षण बेताचंच होतं, स्वयंपाक त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या, आणि जे शिकल्या ते वाटी-चमच्याच्या मापात बसवून त्यांनी हजारो अनोळखी मुलींपुढे ठेवलं. वाटी आणि चमचा प्रत्येक घरात होता, तराजू नव्हता. लग्न होऊन शहरात दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलीला शेजारी उभं राहून सांगणारं कुणी नव्हतं. ती जागा या पुस्तकाने घेतली. लग्नात भांड्यांबरोबर ‘रुचिरा’ देण्याची चाल पडली ती उगीच नाही.

पण मसाल्याशी आल्यावर पुस्तकाचं माप थांबतं. रवा, डाळ, साखर यांची वाटी कुठल्याही घरात जवळपास तीच भरते. एका घरच्या गोड्या मसाल्याचे दोन चमचे आणि दुसऱ्या घरच्याचे दोन चमचे यांत मात्र काहीच सारखं नसतं. एकीत तीळ-खोबरं भरपूर, एकीत धणेच धणे, एकीत खोबरं इतकं काळं केलेलं की मसाला काळा म्हणूनच ओळखला जातो. बहुतेक पुस्तकांत मसाल्याचीही एखादी कृती असते, पण बाकीच्या पाककृती त्या एका कृतीवर बेतलेल्या आहेत असं वाचकाला कुणी बजावत नाही. त्या काळी बजावण्याची गरजही नव्हती. पुस्तक दुकानातून येत होतं आणि मसाला माहेरून. त्यामुळे एकच छापील आमटी दहा घरांत दहा चवींनी शिजत राहिली, आणि माझ्या मते ही या पुस्तकांची मोठी पुण्याई आहे. त्यांनी बरणीच्या झाकणाला हात लावला नाही, म्हणून छापील स्वयंपाकाच्या शंभर-दीडशे वर्षांत घराघरांचा वेगळेपणा पुसला गेला नाही.

आज मात्र माहेरून बरणी येत नाही अशी घरं वाढली आहेत. तिथे दोन चमच्यांची ओळ वाचणाऱ्याला अर्धवटच मदत करते. आता नवं पुस्तक करणाऱ्यांनी आधी दोन-तीन मसाले नीट, भाजण्यासकट द्यावेत आणि पुढे कुठल्या पदार्थाला त्यांतला कुठला हे सांगावं, असं मला आवर्जून म्हणावंसं वाटतं.

कढईपाशी

क्रियापदं शोधायला मी पुण्यात एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंकडे गेले. ओळखीतून गेले होते, त्यांना मी मावशी म्हणत होते. आदल्या दोन दिवशी सगळे जिन्नस त्यांनी गच्चीत धोतराच्या पांढऱ्या पानावर वाळवले होते. सकाळी सातला कढई चढवली. ऊन वाढायच्या आत भाजणं उरकायचं, एवढाच त्यांचा नियम.

जिन्नस एकत्र भाजायचे नाहीत, ही पहिली गोष्ट. तीळ बारीक आणि तेलकट, ते मिनिटभरात तडतडतात. धणे पोकळ, ते सावकाश तापतात. हळकुंड दगडासारखं, ते तेलात तळून फुटेल इतकं हलकं करावं लागतं. सगळं एकदम टाकलं तर तीळ जळतात आणि हळकुंड कच्चं राहतं. सुरुवात त्यांनी कोरड्या तिळांनी केली, मग सुक्या खोबऱ्याचा कीस. खोबऱ्यापाशी त्या सर्वांत जास्त वेळ रेंगाळल्या. कीस आधी पिवळसर होतो, मग बदामी, मग तपकिरी, आणि तपकिरीपासून काळ्यापर्यंतचा प्रवास क्षणात होतो. बदामीला थांबलं तर मसाला मवाळ, वरणवजा आमटीला बरा. गडद तपकिरीला थांबलं तर वांग्याला, मटकीला साजेसा. मसाल्याचा सारा स्वभाव इथे ठरतो आणि यादीत यासाठी फक्त ‘खोबरे पाव किलो’ असं लिहिलेलं असतं.

मग चमचाभर तेलावर धणे. मी विचारलं, झाले हे कसं ओळखायचं? त्यांनी बोलण्याऐवजी झारा माझ्या हातात दिला. कच्चे धणे ढवळताना भरीव, जडसा आवाज येतो. ओल गेली की तो कोरडा, खुळखुळता होतो. वास त्याच्या मागोमाग येतो. वासाची वाट बघत बसलं तर उशीर होतो, कारण कढई तापलेलीच असते आणि उतरवल्यावरही धणे भाजत राहतात. लवंग फुगली की काढायची. खडा हिंग तेलात फुलून हलका झाला पाहिजे. नाहीतर बाहेरून तळलेला, आतून चिकट असा राहतो आणि कुटताना वड्या पडतात. दगडफूल त्यांनी शेवटी घेतलं. त्याला फूल म्हणतात, पण ते दगडावर-झाडावर वाढणारं, बुरशी आणि शैवाल मिळून झालेलं एक जीवरूप आहे. नाकाशी धरलं तर फारसा वास येत नाही, थोडा मातीचा. तेलात पडताच मात्र असा काही दरवळ सुटला, की शेजारचं दार उघडून कुणीतरी विचारलं, “मसाला का आज?”

भाजलेलं सगळं परातीत पसरून पूर्ण निवू द्यायचं. गरम असतानाच कुटलं तर वाफ धरते आणि मसाला दमट होतो. कुटताना कडक जिन्नस आधी, तीळ-खोबरं शेवटी, कारण त्यांना तेल सुटतं. मग चाळण, मग वरचा चाळ पुन्हा खलात. भरताना बरणीच्या तळाशी आणि वर हिंगाचा खडा. बरणी काचेची नाहीतर चिनी मातीची. रोजच्या वापराचा मसाला छोट्या डब्यात काढून घ्यायचा आणि मोठ्या बरणीला ओला चमचा कधी लावायचा नाही. कुटल्या कुटल्या वापरू नका, मावशी म्हणाल्या, आठ-पंधरा दिवस मुरू द्या, तोवर लवंग वेगळी लागते आणि धणे वेगळे.

मी त्यांच्या यादीची नक्कल करून घेतली आणि प्रत्येक जिन्नसापुढे त्यांना विचारून क्रियापद लिहिलं. खोबऱ्यापुढे त्यांनी सांगितलं, “लिही, भाजताना फोन घ्यायचा नाही.” तेही लिहिलं.

प्रत्येक मुलखाची वेगळी बरणी

कोल्हापूर-सांगलीकडे मसाल्याला सरळ चटणी म्हणतात. परका माणूस ताटात चटणी कुठाय म्हणून शोधत राहतो आणि ती रश्श्यात असते. कांदा-लसूण चटणीत कांदा कापून उन्हात वाळवतात नाहीतर तेलात काळपट लाल होईतो परततात, लसूण कच्चाच किंवा जरासा भाजून घालतात, आणि मीठ यादीतच असतं. ओलसर जिन्नस टिकवायचे तर मीठ आणि तेल हवंच. ही चटणी घरात असली की भाजी नसली तरी अडत नाही. भाकरीवर चटणी, त्यावर तेलाची धार आणि एक कांदा, एवढ्यावर रानातली दुपार निघते. रोजचं जेवण म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे येसर असतो. त्यात मसाल्याबरोबर धान्यं आणि डाळी भाजून दळलेल्या असतात. पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी आपोआप दाट होते, वेगळी डाळ शिजवावी लागत नाही. जिथे पाणी आणि सरपण दोन्ही जपून वापरायचं, तिथल्या बायकांनी काढलेली ही युक्ती आहे. पाठारे प्रभूंच्या परभी सांबारातही गहू आणि हरभऱ्याची डाळ असते, पण तो मुंबईच्या बेटावरचा मसाला, मासळीच्या कालवणाचा. धान्य घालण्याची कल्पना एकच आणि ताटं किती निराळी.

वसई, उत्तन, गोराई, वांद्रे इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत बॉटल मसाला करतात. पंचवीस-तीस जिन्नस, लाकडी उखळीत कांडलेले, आणि नावाप्रमाणे बाटलीत ठासून भरलेले. बाटली बिअरची, गडद काचेची, म्हणजे उजेडाने रंग उडत नाही. बाटलीचं तोंड अरुंद असल्यामुळे हवाही कमी लागते. मराठीचीच एक बोली बोलणाऱ्या या घरांत कांडपाच्या दिवसांत घरोघर फिरून मसाला करून देणाऱ्या बायका असत. आता त्या थोड्या उरल्या आहेत.

गोव्यात आणि दक्षिण कोकणाच्या पुष्कळ घरांत वर्षाच्या बरणीला एवढा मान नाही. तिथे रोज ओला नारळ फोडायचा आणि मिरची-धणे त्याच्याबरोबर वाटायचे. बांगड्याच्या कालवणात तिरफळं तर अख्खीच टाकायची.

खानावळीची चूल

मिरची गल्ली लालबागलाच का, याचं उत्तर कापडगिरण्यांत आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इथून आलेले कामगार एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळ लावत. ही खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे, शेजारच्या खोलीतली एखादी बाई. ती स्वतःच्या चुलीवर दहा-वीस पुरुषांचं दोन वेळचं रांधायची. कोकणातल्याला कोकणी बाईच्या हातचं हवं, घाटावरच्याला घाटी रस्सा. गावाची चव हा त्या पुरुषांचा घराशी उरलेला रोजचा संबंध होता, आणि तो टिकवायचा तर मसाला गावासारखाच कुटायला हवा. एका घराला वर्षाला जेवढा मसाला लागतो, त्याच्या कितीतरी पट एका खानावळीला लागायचा. अशी खानावळ चाळीचाळीत होती.

या बायकांना बाजारातून उधारीवर जिन्नस घ्यावे लागत आणि सावकाराचं व्याज त्यांच्या कमाईतून जाई. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांसाठी. त्यांनी बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरातल्या चुलीवरच्या कामाला बँक व्यवसाय मानते, ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती याची कल्पना आज येणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मग गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या सुरू झाल्याच नाहीत. जेवायला येणारेच उरले नाहीत तेव्हा खानावळी मिटल्या. चाळींच्या जागी टॉवर आले. मिरची गल्ली मात्र उरली, कारण विरार, डोंबिवली, पनवेलला गेलेल्या त्याच कुटुंबांतल्या मुली-सुना उन्हाळ्यात लोकलने इथेच परत येतात.

गच्ची नसलेली घरं

अडचणी खऱ्या आहेत. मिरची वाळवायला ऊन हवं आणि नव्या इमारतीत गच्चीला कुलूप असतं. बंद स्वयंपाकघरात मिरची भाजली तर मजलाभर ठसका जातो आणि तक्रार येते. नोकरी करणारीला आठवडाभराचं काम सुट्टीत कोंबावं लागतं. बेडेकर, केप्र, प्रवीण अशांची तयार पाकिटं कोपऱ्यावर मिळतात, आणि ती वापरणारीला कमी लेखण्याचा हक्क कुणाला नाही. तरी भेसळीची धास्ती लोकांच्या बोलण्यात सारखी येते. २००३ साली आपल्याकडून गेलेल्या तिखटात सुदान नावाचा कारखान्यांत वापरायचा रंग सापडला आणि युरोपने तपासणी सक्तीची केली. २०२४ साली हाँगकाँग आणि सिंगापूरने काही तयार मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणाने कारवाई केली. गल्लीतली एक बाई मला म्हणाली, “पावडर कुणीही रंगवेल, अख्खी मिरची कशी रंगवणार?” अख्खा जिन्नस डोळ्यांदेखत कुटून घेणं हीच तिची तपासणी होती.

माणसं वाट काढत आहेत. दोन-तीन मैत्रिणी मिळून एकाच यादीचा मसाला करतात आणि वाटून घेतात. काही जणी वर्षाऐवजी तीन महिन्यांपुरता, मिक्सरवर थोडा थोडा करतात आणि फ्रीजमध्ये ठेवतात. बचत गटांच्या बायका तुमची यादी घेऊन तुमच्याच प्रमाणात मसाला करून देतात. ही मला सगळ्यांत आशेची गोष्ट वाटते, कारण यात घराची चव घराचीच राहते आणि मेहनतीचे पैसे बाईच्या हातात पडतात. डोंबिवलीहून आलेला एक तरुण फोनवर यादीचा फोटो दाखवत होता. आई गेल्या वर्षी गेली, तो म्हणाला. फोटोत यादी होती, पण भाजायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. दुकानातल्या भट्टीवाल्याने त्याला विचारलं, “गाव कुठलं?” त्याने देवगड सांगितलं. भट्टीवाला म्हणाला, “मग खोबरं मी सांगतो तेवढंच भाजू,” आणि त्याला कढईच्या बाजूला उभं केलं.

ज्या याद्या मला खरोखर जिवंत वाटल्या, त्यांच्या कडेला लिहिलेलं होतं. मूळ अक्षर निळ्या शाईतलं, कडेचं पेन्सिलीने, लाल पेनने, वेगवेगळ्या वर्षांचं. ‘तिखट झाला, लवंगी पाव किलो कमी.’ ‘ह्यांना पित्त, मिरे अर्धे.’ ‘पाऊस लवकर, मिरची नीट वाळली नाही, आश्विनात वास.’ ‘सुनेला आवडला, हेच प्रमाण.’ एका कागदावर नागकेशर खोडलं होतं, पुढच्या कुठल्याशा वर्षी पुन्हा लिहिलं होतं, आणि त्याखाली तिसऱ्याच हस्ताक्षरात ‘घालावे’.

पुण्याच्या मावशींची यादी क्रियापदांसकट माझ्याकडे आहे. त्यांच्या नातीने ती फोनवर मागवून घेतली. येत्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच स्वतः मसाला करणार आहे, पाव प्रमाणात, आणि खोबरं भाजताना फोन घ्यायचा नाही हे तिला आजीने बजावलेलं आहे.